पावतीच्या पाठीवर

लातूर,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मल्लिनाथ यास,

मंजुअक्काचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागल्यापासून अव्वाचे गुडघे कुरकुरतात, तरी पूजेची फुलं आणायला ती स्वतःच जाते, पोटच्या लेकीचं ऐकत नाही. तुझे दाजी बरे आहेत. आमच्या सृष्टीची सहामाही संपली. तुमच्याकडचं शिवांगीकडून कळतं, नवरा नाही तरी बायको बोलते, म्हणून विचारत नाही.

भाऊबीजेला तू आला नाहीस, पण आठ दिवसांनी तुझी पिशवी कुरिअरनं आली. आत पावत्या, नोटिशीची प्रत, बँकेचे उतारे. चिठ्ठी नाही. दोन ओळी लिहिल्या असत्यास तर काही झिजला नसतास. पण ज्यानं पावणेदोन वर्षं बहिणीचा फोन उचलला नाही त्यानं पिशवी पाठवली हेच पुष्कळ, असं शिवांगी म्हणाली. मी बरं म्हटलं. तुझ्या नांदेडच्या सल्लागारांनी नोटीस पाहून हात वर केले आणि मग तुम्हाला अक्का आठवली, हे तिला बोलले नाही. तुला बोलतेय.

आता कामाचं. आयकर खात्याला तुझा २०२३-२४ चा प्रवासखर्च जास्त वाटतोय. पेट्रोल, टोल, पार्किंग, सगळ्याचा पुरावा मागितलाय आणि प्रत्येक खर्च केवळ धंद्यासाठीच होता असं लिहून मागितलंय. वीस नोव्हेंबरच्या आत उत्तर पोर्टलवर चढलं पाहिजे. नाही चढलं तर सगळा खर्च अमान्य करून वर दंडाची भाषा सुरू होईल. तेव्हा ढिलाई नको.

शिवांगीनं फोनवर विचारलं होतं, ती रोज नांदेड स्टेशनला स्कूटी लावून गाडीनं उमरीच्या शाळेत जाते, त्या स्टँडच्या मासिक पासाची वजावट तिला मिळेल का. तिला सांग, मिळणार नाही. पगारदाराला ठोक वजावट असते, त्यात सगळं आलं असं सरकार धरतं. स्कूटी स्टेशनला लाव नाहीतर चंद्रावर लाव. तुझं वेगळं आहे. तू पगारदार नाहीस, सर्जिकल मालाच्या कंपनीचा कमिशन एजंट आहेस. कमिशनवाल्याला ठोक टक्क्यानं नफा दाखवायची सोय नाही, खरा खर्च दाखवावा लागतो. त्यामुळे दवाखान्यात ऑर्डर घ्यायला गेलास आणि गाडी स्टँडवर लावलीस, तर ते पैसे तुझ्या उत्पन्नातून वजा होतात. अट एकच, गेला होतास तो कामालाच. पोलिसांनी गाडी उचलून नेली होती ती पावती मात्र मी काढून ठेवलीय. दंड हा खर्च धरत नाहीत, हे अप्पांच्या हाताखाली शिकलेल्या त्यांच्या लेकाला मी सांगायला नको होतं.

पावत्यांचे पुढचे छापे बहुतेक उडालेत. त्या गुळगुळीत कागदावर वर्षभरात काही राहत नाही. पण पाठी शाबूत आहेत. तू अजून अप्पांच्या शिस्तीनं पाठीवर लिहितोस, हे बघून मी जराशी थांबलेच. आठवतं ना, शाळा सुटल्यावर दोघं अप्पांच्या या टॅक्सच्या ऑफिसात बसून अशिलांच्या पावत्यांवर लिहायचो. तारीख, कुणाकडे गेलो, कशाला गेलो, भेट झाली की नाही. यंत्राची शाई उडते, हातचं राहतं, असं अप्पा म्हणायचे. शंका आली की ते अशिलाला एकच विचारायचे, गेला होतास कशाला? मोठमोठे अडते त्या प्रश्नाला चाचपडायचे.

तर तुझ्या सगळ्या पावत्या मी लावून घेतल्या. उदगीर, विष्णुपुरी, उमरी, डॉक्टरांची नावं, हातमोज्यांची ऑर्डर, टाक्याचा धागा, भेट झाली, भेट झाली, भेट नाही, पुन्हा बोलावले. चोख आहे काम. फक्त अकरा पावत्यांचं अडतंय. इथल्या औसा रोडच्या दवाखान्याच्या स्टँडच्या, ६ ते १६ फेब्रुवारी २०२४, रोज एक. त्या अकरा दिवसांत अप्पा त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर होते. तुला तारखा सांगायला नकोत.

त्या दवाखान्यात तुमच्या कंपनीचा माल जातो हे मला ठाऊक आहे. तू कामाला आला असशील. लागोपाठ अकरा दिवस, रविवार धरून, नांदेडहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, एकाच दवाखान्यात. असेलही. पण मला तुझ्या वतीनं लिहून द्यायचंय, म्हणून विचारते. कामाच्या की नाहीत, एका ओळीत कळव.

तुझी,
मंजुअक्का


लातूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मल्लिनाथ,

आशीर्वाद. सर्व कुशल.

तुझी एक ओळ पोचली. तीही शिवांगीच्या फोनवरून. ‘त्या अकरा कामाच्या धर अन् विषय मिटव.’ हे तू लिहिलंस की तिनं, हे विचारायला मी तिला फोन केला. ती म्हणाली, “ते काहीच सांगून नाही राहिले, अक्का. पण पिशवी भरताना त्या पावत्या त्यांनीच रबर लावून सगळ्यात वर ठेवल्या.”

रबर मी पाहिलं होतं. माझ्या पहिल्या पत्रात मी पावत्या चाळताना त्या सापडल्यासारखं लिहिलंय. खोटं आहे ते. पिशवी उघडल्याबरोबर त्याच हातात आल्या. उगीच वळसा घालून आले मी.

तू विषय मिटवायला सांगतोस. रक्कम बघितली तर मिटवावा असाच आहे. अकरा पावत्यांचे चारशे चाळीस रुपये. वाचणारा कर शंभराच्या आत. तेवढ्यासाठी कुठला अधिकारी डोळे फोडणार नाही. गठ्ठ्यात घालून दिल्या तर निघूनही जातील. पण मी ‘कामासाठी’ लिहायला पेन उचललं की पाठीवरचं तुझं अक्षर समोर येतं.

‘६ फेब्रु. अप्पा. भेट नाही.’
‘७ फेब्रु. अप्पा. भेट नाही.’

अकराच्या अकरा. ऑर्डर नाही, डॉक्टर नाही, कामाचा रकानाच नाही. सोळा तारखेच्या पावतीवर पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. त्या दिवशी संध्याकाळी सहाला अप्पा गेले, लिंगैक्य झाले. तू तेव्हा खाली होतास का? पाच तासांची पावती आहे. दुपारी दोनपासूनची.

मल्लू, दुसऱ्या दिवशी उदगीरच्या रुद्रभूमीत मी तुला काय बोलले ते सगळ्या भावकीनं ऐकलंय. अप्पांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं होतं, जंगमांचा मंत्र चालू होता, तू गर्दीतून बेलपत्र घेऊन पुढे आलास आणि मी म्हणाले, “अकरा दिवस माणसानं वाट पाहिली. आता कुणाला दाखवायला आला?” तू बेल ठेवलास आणि प्रसादालाही न थांबता गेलास. एक शब्द बोलला नाहीस. अव्वानं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिनं तुझं नाव टाकलं. कुणी काढलं तर “त्येचं नको” एवढंच म्हणते. पहिल्या पुण्यस्मरणाला जंगमांनी मुलाला पुढे बोलावलं, तर ती म्हणाली, मुलगी हाय की. मी पुढे झाले. मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

तू तेव्हा का बोलला नाहीस? खिशातून एक पावती काढून माझ्या तोंडावर टाकायची होती.

वर का आला नाहीस, ते मला माहीत आहे. सात वर्षांपूर्वी तू त्या भुसारवाल्याच्या फायलीत नसलेल्या ट्रकांची भाड्याची बिलं लावलीस. अप्पांना कळलं, तेव्हा ते स्वतः त्याच्या दुकानात गेले, हात जोडले, रिटर्न सुधारून भरायला लावलं. आणि तुला म्हणाले, “मी जिता हाय तवर माझ्या नजरंसमोर येऊ नको.” दुसरा कुणी असता तर चार दिवसांनी पाया पडायला आला असता. अप्पांनीही उचलून घेतला असता. तू त्यांचं वाक्य कलमासारखं पाळलंस. नजरेसमोर येऊ नको म्हणाले, म्हणून नजरेखाली येऊन बसलास. तुम्ही दोघं बापलेक एका मातीचे, आणि मधे मी.

त्या पावत्या मी कामाच्या धरणार नाही. बनावट बिलांपायी तुला त्या ऑफिसातून काढलं, आता त्याच ऑफिसातून तुझ्यासाठी खोटा खुलासा लिहू? वीस तारखेला अकरा दिवस राहिलेत. तुझ्या हातानं लिहून पाठव, तू कशाला आला होतास.

वाट पाहतेय.
मंजुअक्का


लातूर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

मल्लू,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे मला कळायला हवं होतं, कारण उत्तर तू आधीच पाठवलंयस. मीच ते अर्धं वाचून दाखवलं.

मागच्या पत्रात मी ‘अकराच्या अकरा’ लिहिलं. दहांवर तेवढंच आहे. आठ तारखेच्या पावतीवर दोन शब्द जास्त आहेत. ते मी गाळले. पिशवी उघडली त्या दिवशी वाचले, पावती पालथी घातली, उठून चहा केला, आणि नंतर दोन पत्रं लिहिली ती त्या दोन शब्दांना टाळून.

‘८ फेब्रु. अप्पा. भेट नाही. खिडकीत अक्का.’

म्हणजे तू मला पाहिलं होतंस.

मीही तुला पाहिलं होतं. आता सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा वळसा घालीन. अप्पांच्या खोलीची खिडकी स्टँडवर उघडायची. सकाळी साडेअकराचा सुमार असेल. अप्पांचं अंग पुसून मी पाणी ओतायला उठले आणि खाली लिंबाखाली तुझी पांढरी गाडी दिसली. मागच्या काचेवर कंपनीचा कागद. तू सीट मागं करून डबा खात होतास. शिवांगीनं दिलेला असणार, पोळीचा घास मोडून तू बराच वेळ तसाच धरून बसलास. मग वर पाहिलंस.

मी पडदा ओढला.

तेवढ्यात मागून अप्पांनी विचारलं, “मल्लू आला का गं?” मी म्हणाले, “न्हाई, अप्पा.”

त्यांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, “आला तर येऊ दे वर. मी कायबी बोलणार न्हाई त्येला.”

हे वाक्य तुझं होतं. तुला पोचवायचं होतं. जिन्याच्या चोवीस पायऱ्या होत्या, मी मोजल्यात. पुढे आठ दिवस मी त्या पायऱ्या औषधासाठी, नारळपाण्यासाठी, तपासण्यांच्या कागदांसाठी चढले-उतरले, तू रोज तिथंच होतास, आणि मी दुसऱ्या दारानं जायला लागले. अप्पांनी आणखी दोनदा विचारलं. दोनदा मी न्हाई म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

का, म्हणशील. मी स्वतःला बरीच कारणं दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही करू नका. तुला पाहून ते चिडले असते तर, वगैरे. ती कारणं खात्याला चालली असती, अप्पांना चालली नसती. खरं असं आहे, की पाच वर्षं ऑफिस मी ओढत होते. त्यांची साखर, त्यांचे डोळे, अव्वाचे गुडघे, सगळं मी. रात्रंदिवस त्यांच्या उशाशी मी होते आणि डोळे उघडले की ते तुझं नाव घ्यायचे. मला वाटलं, हा आता वर येईल, पायावर डोकं ठेवील, ते याच्या केसांतून हात फिरवतील आणि झालं, पाच वर्षांचा हिशेब चुकता. माझं काय? मला ते नको होतं. एक दिवस तरी नको होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता सोळा तारीख आली.

आणि मग रुद्रभूमीत मी ते बोलले. तू खाली होतास हे ठाऊक असून बोलले. मला भीती होती की तू बोलशील, म्हणून मी आधी बोलले. तू गप्प राहिलास. आठ तारखेची पावती तेव्हा तुझ्याकडे होती, आणि तू गप्प राहिलास. माझी लाज तू राखलीस का रे? की तुला वाटलं, अप्पांनीच मला पडदा ओढायला सांगितला?

हे दुसरं मला आज दुपारी सुचलं आणि जेवण गेलं नाही. पावणेदोन वर्षं तू असंच समजत असशील. की बापानं वरून पाहिलं, ओळखलं, आणि पडदा ओढून घेतला. तर ऐक. त्यांनी तुला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हाताची सुई उपटून खाली आले असते. तो पडदा माझा होता.

अव्वाला मी अजून सांगितलेलं नाही. आत ती लसूण सोलत बसलीय, मधूनच विचारते, कुणाला एवढं लांबलचक लिहायलीस. अशिलाला, म्हणाले. पण आज रात्री सांगणार आहे. ती माझ्याशी बोलायची राहिली तर राहिली. हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मग सांगते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

तुझी अपराधी,
अक्का


नांदेड, तुझ्या ऑफिसखालचा स्टँड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

मल्लू,

गुडघ्यावर फाईल ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे. डॉक्टर लेनच्या बाजूचा तो स्टँड, वर तुझ्या ऑफिसची काच दिसते. गाडी तुझ्या दाजींची आहे. मीच चालवत आणली, अहमदपूरच्या पुढं रस्ता खणलाय तिथं दोनदा बंद पडली. माझं मागचं पत्र तुला पोचलं, हे काल शिवांगी म्हणाली. तू ते वाचून शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि जेवायला बसलास, पण जेवला नाहीस, एवढंही तिनं सांगितलं. आणखी काही सांगता येईना तिला.

अव्वाला त्या रात्री सांगितलं. अकरा पावत्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि पडद्यापर्यंतचं सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावून एकेक पाठ वाचली. वेळ लागला तिला, तुझं अक्षर अजून गिचमिडच आहे. मग म्हणाली, “म्हंजी त्यो खाली होता.” मी हो म्हणाले. पावत्यांना पुन्हा रबर लावून तिनं त्या देवघरात अप्पांच्या इष्टलिंगाच्या डबीशेजारी ठेवल्या आणि आत जाऊन झोपली. शनिवार, रविवार, काल, माझ्याशी एक शब्द नाही. माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतः करून घेतला. मी ऑफिसला गेले, आले, स्वयंपाक केला. चाळीस वर्षांत मला तिची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

आज पहाटे पाचला आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती माझ्या उशाशी उभी राहिली. म्हणाली, “तू बी माझीच, त्यो बी माझाच. पर तू मला एकवीस म्हैने लेकाबिगर ठिवलीस, मंजू. गाडी काढ.”

वाटेत बोलली नाही. लोह्याला चहा प्यायलो, पैसे तिनं दिले. आता मागच्या सीटवर बसलीय. वर तुझ्या काचेकडे बघते, मग पदर नीट करते, पुन्हा बघते. मी म्हणाले, चल, वर जाऊ. तर म्हणाली, न्हाई, त्यो अकरा दिस खाली बसला, मी तासभर बसंन की. हे गुडघ्यांपायी नाही, मला कळतं. मलाही वर यायचं धाडस नाही. तू दार उघडलंस आणि मला बघून पुन्हा लावून घेतलंस, तर मी तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण तिनं काही केलेलं नाही. तिच्यासाठी तरी.

खात्याचं उत्तर तयार आहे, तेही सोबत आहे. बाकी सगळ्या पावत्या कामाच्या म्हणून लावल्यात, त्या मान्य होतील, काळजी नको. अकरा काढून घेतल्या. पत्र इंग्रजीत आहे, त्यातला एक परिच्छेद तुला मराठीत सांगते. ‘सोबतच्या यादीतील अकरा पावत्या व्यवसायाच्या नाहीत. नजरचुकीने दाखवलेला तो खर्च आम्ही स्वतःहून मागे घेत आहोत. त्या अकरा दिवसांत करदाता आपल्या वडिलांच्या अखेरच्या आजारात दवाखान्यात उपस्थित होता.’ शेवटचं वाक्य खात्याला नको आहे. कुठल्याही सल्लागारानं ते खोडलं असतं. मी ठेवलंय. रुद्रभूमीत मी जे बोलले ते कुठं लिहिलेलं नाही, पण हे सरकारी दप्तरात राहील. खाली मी नाव घातलंय आणि अप्पांचा जुना शिक्का मारलाय. तुला कबूल असेल तर चढवताना तुझ्या फोनवर ओटीपी येईल, तो दे. परवापर्यंत वेळ आहे.

स्टँडवरच्या काकांना विचारलं, साहेब वर आहेत का. म्हणाले, “हावो, सकाळपासून वरच बसून राहिलेत, कुणाला भेटून नाही राहिले.” त्यांच्याच हाती हे पाकीट पाठवतेय.

पाकिटात एक पावती आहे. आजची, अकरा वाजून दहा मिनिटांची, इथलीच. तिच्या पाठीवर मी आपल्या शिस्तीनं लिहिलंय. ‘१८ नोव्हें. मल्लू.’ कशाला गेलो, त्या रकान्यात लिहिलंय, ‘अप्पांचा निरोप द्यायला. एकवीस महिने उशीर.’ पुढं ‘भेट’ एवढंच लिहून सोडून दिलंय. ते पुढचं माझ्या हातचं नाही.

पावती दाखवल्याशिवाय इथून गाडी बाहेर सोडत नाहीत, असं काका म्हणाले. ती तुझ्याकडे आहे. आम्ही दोघी इथंच आहोत.

खाली थांबलेली,
तुझी अक्का